मी बंद केलेला चहा

आषाढी पौर्णिमा जवळ आली की माझ्या पोटात खड्डा पडतो. शाळेतल्या पोरांना परीक्षेआधी पडतो तसाच. शाळा मी सातवीतच सोडली, तेव्हा तो परीक्षेचा खड्डा कधीच बुजायला हवा होता. पण त्याच जागी हा दुसरा पडला आणि दर वर्षी तो नव्यानं खणला जातो.

यंदाही विहारात नवे लोक आलेत. मागच्या अंगणात न्हावी बसलाय, ओल्या केसांचे पुंजके वर्तमानपत्रावर पडतायत, नव्याकोऱ्या चीवरांना खळीचा वास येतोय. एका खोक्यात सगळ्यांचे मोबाइल गोळा केलेत, ते अधूनमधून आपसूक वाजतात आणि ज्याचा असेल तो मान वळवून बघतो. वर्षावास म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने. भिक्खूंनी या दिवसांत एका जागी राहायचं, कारण पावसाळ्यात पायाखाली जीवजंतू असतात, शेतात कोवळं पीक असतं, ते तुडवलं जाऊ नये. त्याच दिवसांत आपल्यातले काही संसारी लोकही डोकं भादरून, चीवर पांघरून श्रामणेर होतात. कुणी दहा दिवस, कुणी तीनही महिने. त्यांना रीतभात सांगायचं काम माझ्याकडे असतं. मी आता साधा उपासक आहे, पँट-शर्टातला. पण विहारातले लोकच बोलावतात आणि मीही जातो.

समोर पाच-सहा गुळगुळीत डोकी बसतात. मी पहिला प्रश्न विचारतो, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

परवा एक पोरगा हसला. "दादा, इथं ध्यान शिकवतात का इंजेक्शन देतात?"

सगळे हसले. मीही हसलो. मग एकेकाला बाजूला घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं.

माझं गाव पैनगंगेच्या काठाला. तिथून नाशिक म्हणजे एस.टी., मग रेल्वे, मग पुन्हा एस.टी.; पोचेपर्यंत अंगावरचा शर्ट स्वतःलाच ओळखू येत नाही. नव्वदचं दशक निम्म्यावर आलं होतं तेव्हा मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नट-बोल्ट खोक्यात भरायला लागलो. दोन वर्षांत तो कारखाना बंद पडला. खोलीवरची पोरं आपापल्या गावी पांगली. मला जाता येईना. निघताना बाप म्हणाला होता, "शिकला तर नाहीस बे, आता कुठं टिकून तरी राहा." हे वाक्य माझ्या खिशात कायम असायचं. खिशात दुसरं काही नसलं तरी.

खरं सांगायचं तर विहारात मी पहिल्यांदा गेलो तो जेवणासाठी. त्रिरश्मीच्या, म्हणजे पांडवलेण्याच्या डोंगराच्या अलीकडे एक वस्ती होती, वस्तीच्या टोकाला पत्र्याचं विहार. दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर असल्याची पाटी खडूनं लिहिलेली. दहा दिवस सकाळची पेज आणि दुपारचं पोटभर जेवण. तिथल्या भिक्खूंनी, भन्त्यांनी, माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्यांना सगळं कळलं असावं. पहिल्या दुपारी वाढणाऱ्या बाईंना म्हणाले, "यांच्या पात्रात अजून थोडा भात येऊ दे." त्या भाताचं ऋण मी अजून वाहतो आहे, आणि ते फिटावं अशी माझी इच्छाही नाही.

दहा दिवस संपले तरी मी तिथंच राहिलो. झाडलोट करायचो, पाणी भरायचो. वंदना, सुत्तं, शीलं ऐकून ऐकून पाठ झाली. शाळेत पाढे म्हणताना माझी दातखीळ बसायची, आणि इथं पाली अशी वाहायला लागली की मलाच नवल वाटे. पुढच्या वर्षावासाला भन्त्यांनी मला पुन्हा चीवर दिलं आणि म्हणाले, "नवे पाच जण आहेत. दहा शीलं, बसण्या-उठण्याची रीत तू शिकव." मी तेव्हा तेवीस वर्षांचा. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या तरी वर्गात मी पुढे उभा होतो. आनंदापेक्षा भीतीच जास्त होती. कुणीतरी उठेल आणि म्हणेल, अरे हा तर सातवी नापास. म्हणून मी नियमांना गच्च धरलं. नियम चुकला नाही म्हणजे माझी चोरी पकडली जाणार नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

त्या पाचांत तात्या होते.

तात्या शिंपीकाम करायचे. पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची दीड खणाची खोली, तिच्याच पुढच्या अर्ध्या भागात मशीन. वय साठीच्या पुढं. मूलबाळ नव्हतं. घरी फक्त आक्का, त्यांची बायको. आमच्या विहारातली चीवरं तेच शिवायचे. चीवर अखंड कापडाचं करत नाहीत. आधी कापड कापायचं, तुकडे करायचे आणि मग भाताच्या खाचरांसारखे बांध घालत जोडायचे. कापलेल्या कापडाला बाजारात किंमत राहत नाही, म्हणून ते भिक्खूला चालतं. तात्या सांगायचे, "सिंहस्थात साधूंच्या कफन्या शिवल्या, एरवी तुमची चीवरं. रंग थोडा इकडं तिकडं. पण कफनी शिवताना कापड वाचवावं लागतं, अन् चीवर शिवताना चांगल्या कापडाचा जीव घ्यावा लागतो. पहिल्यांदा कैची चालवताना हात अडला माझा." एवढी वर्षं दुसऱ्यांसाठी शिवलं, आता एकदा स्वतःच्या अंगावर घालून बघू, म्हणून ते आले होते.

दीक्षेआधी भन्ते काही प्रश्न विचारतात. कोड आहे का, क्षय आहे का, फेफरं येतं का. तात्या प्रत्येकाला खणखणीत "नाही" म्हणाले. ते खरंच होतं. नंतर मला कोपरानं ढोसत म्हणाले, "आपली बिमारी त्यांच्या यादीत नाय, मास्तर." मला वाटलं ते म्हातारपणाची चेष्टा करतायत. कसली बिमारी, हे मी विचारलं नाही.

ते मला मास्तर म्हणायचे. आधी मला ते टोचायचं, मग आवडायला लागलं. त्यांना श्रामणेर म्हणून नाव मिळालं शांतचित्त. "चाळीस वर्षं मशीन खडखडवली अन् नाव काय तर शांतचित्त! आक्काला कळलं तर हसून मरंल."

आक्का खरोखरच हसल्या. त्या पहिल्या रविवारी भोजनदान घेऊन आल्या. रीत अशी की आधी वंदन करायचं, मग दोन्ही हातांनी पात्रात वाढायचं. आक्का नवऱ्यासमोर गुडघे टेकून बसल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "चाळीस वर्षं माझ्या हातचं खाऊन नावं ठेवली यांनी. आता पाया पडून वाढायचं व्हय?" तात्यांची नजर रीतीप्रमाणे पात्रात होती, पण पोट हलत होतं. मी गंभीर आवाजात म्हणालो, "आक्का, भन्ते म्हणायचं." त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् तुला काय म्हणू, भन्ते-बाळ?" सगळं विहार हसलं. ती दुपार मी पुष्कळदा डोळ्यांपुढं आणतो, कारण त्यानंतरचं आणायला धीर पुरत नाही.

दहा शीलांत सहावं शील विकालभोजनाचं. मध्यान्हीनंतर जेवायचं नाही. याचं कारणही भन्ते नीट सांगायचे. पूर्वी भिक्खू अवेळी, अंधारात भिक्षेला गावात शिरायचे. कुणी घाबरायचं, कुणाचे दुसऱ्यांदा चूल पेटवून हाल व्हायचे. शिवाय पोट हलकं असलं की संध्याकाळी ध्यानाला बसता येतं. भुकेला मारायचं नाही, तिला ओळखायचं. पाच वाजता मात्र आमच्याकडे कोरा चहा व्हायचा, गूळ घातलेला, पितळी पातेल्यात. वस्तीतल्या बाया आळीपाळीनं आणून द्यायच्या. तात्या तो मिटक्या मारत प्यायचे. "ह्या एका चहासाठी अजून एक जन्म घेतला तरी चालंल," म्हणायचे. आणि मी मनात म्हणायचो, हीच ती तृष्णा. हिलाच तर सोडायचं आहे.

श्रावण लागला. त्र्यंबकला पायी जाणाऱ्यांचे घोळके लांबच्या रस्त्यानं गजर करत जायचे. वाऱ्याची दिशा असली की आमच्या आनापानात, श्वासावरच्या ध्यानात, त्यांचा आवाज शिरायचा. पत्र्यावर दिवसभर बारीक टपटप. चीवरं वाळायची नाहीत, दमट कापड अंगाला चिकटून राही. त्याच आठवड्यात भन्त्यांचे गुरू लांब चंद्रपूरकडे आजारी पडल्याचा निरोप आला. वर्षावासात मुक्काम हलवायचा नसतो; पण कुणी आजारी असलं तर सात दिवसांची मुभा असते. भन्ते निघाले. दारात थांबून मला म्हणाले, "लोकांकडे बघ." एवढंच.

आज वाटतं, नियमाला मुभा असते हे तर माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. भन्ते स्वतः त्या मुभेवर पाय ठेवून आजाऱ्याकडे चालले होते. तरी मला काही सुचलं नाही.

ते गेले त्याच दिवशी मी चहा बंद केला.

कुणी सांगितलं नव्हतं. मलाच वाटलं, चहा ही भन्त्यांनी दिलेली सवलत आहे, कच्च्या लोकांसाठी. भन्ते परत येतील तेव्हा त्यांना दिसेल की माझ्या हाताखाली ही माणसं आणखी पक्की झाली. पातेलं घेऊन आलेल्या बाईला मी परत पाठवलं. नव्यांमध्ये एक सातपूरचा वेल्डर होता, उघड बोलणारा. तो म्हणाला, "मास्तर, भन्ते असताना चालायचा की."

"ती सवलत होती. शील म्हणजे शील."

"गुळाचं पाणी ते. त्यात कसलं जेवण?"

उत्तर तात्यांनी दिलं. "जाऊ दे रे. मास्तर म्हणतात तर र्‍हाऊ. सात दिवसांचा प्रश्न हाय."

ते माझ्या बाजूनं बोलले. मला आजही यातलं हेच सगळ्यात जास्त लागतं. त्यांना मधुमेह होता, रोज सकाळी ते चीवराच्या घडीतून गोळी काढून घ्यायचे, आणि पाचचा तो गोड चहा त्यांना संध्याकाळपर्यंत तारून न्यायचा. हे त्यांना कितपत कळत होतं मला ठाऊक नाही. आक्कांना कळत होतं. तात्यांना तेवढंच कळत होतं की एक पोरगा घाबरत घाबरत पुढं उभा आहे आणि त्याला कुणीतरी पाठिंबा द्यायला पाहिजे.

तिसऱ्या दिवशी साडेचारच्या सुमारास आक्का आल्या. पंचवटीहून सीबीएसला बस बदलून, भिजत. दुपारच्या भोजनाला येऊन गेलेल्या बायांकडून त्यांना चहा बंद झाल्याचं कळलं होतं. मी फाटकाशीच होतो. त्यांनी कनवटीचा रुमाल सोडला. आत गुळाचा खडा, लिंबाएवढा.

"एवढा द्या त्यांना. साखर उतरती त्यांची. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलंय, घाम फुटला का लगेच गोड द्या."

"आक्का, आता बारानंतर काही चालत नाही."

"जेवण कुठं देते? खडा हाय नुसता."

"शील मोडतं."

"मग मला भेटू द्या. बाया सांगत होत्या, दुपारी हात कापत होता त्यांचा."

"ध्यानाआधी कुणाला भेटता येत नाही. आणि आक्का," मी म्हणालो, आणि हे वाक्य मी कुठल्याही जन्मात परत घेऊ शकणार नाही, "आता ते तुमचे तात्या नाहीत. श्रामणेर आहेत."

पावसाचं पाणी त्यांच्या कपाळावरून डोळ्यांत जात होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग रुमालाला गाठ मारत म्हणाल्या, "बरं. तुम्ही शिकलेली माणसं. आम्हाला काय कळतंय."

मला बरं वाटलं. हे लिहिताना बोटं जड होतात, पण लिहिलंच पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी शिकलेला म्हणालं होतं, आणि आक्का पाठमोऱ्या होऊन चिखलातून बसथांब्याकडे निघाल्या तेव्हा माझी छाती वीतभर फुगली होती.

त्याच दिवशी सकाळी मी नव्यांना सिद्धार्थाच्या सहा वर्षांच्या उपासाची गोष्ट सांगितली होती. पोटाला हात लावला तर पाठीचा कणा लागायचा, आणि शेवटी सुजातेच्या हातची खीर घेऊन तो उठला. देहाला छळून काही मिळत नाही, लाडावूनही मिळत नाही, मधून एक वाट आहे. मी रंगवून सांगितली होती. तात्यांनी मान डोलावली होती. माझं तोंड बोलत होतं आणि माझेच कान बंद होते.

सहाला आम्ही ध्यानाला बसलो. तात्या माझ्या डाव्या बाजूला. थोड्या वेळानं हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, हात थरथरतोय."

मी डोळे न उघडता म्हणालो, "बघत राहा. येतं आणि जातं. अनित्य आहे."

"घाम बी येतोय."

"तोही बघा. त्याच्या मागे लागू नका."

"बरं."

ते बघत राहिले. माझ्यावर आणि माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. बाहेर गार झड होती आणि त्यांच्या डोक्यावरून घामाच्या धारा गळत होत्या. मी एकदा डोळे किलकिले केले होते, दिसलं होतं मला. वाटलं, मनात साचलेले संस्कार बाहेर पडतायत. ऐकीव शब्द. अर्धवट माणसाच्या हाती मोठे शब्द लागले की असं होतं.

मग ते पुढे वाकले. कपाळ जमिनीला टेकलं, दोन्ही हात पुढे पसरले. आम्ही वंदन करतो अगदी तसे. मला वाटलं, वंदना करतायत. वेल्डरलाही तेच वाटलं. किती वेळ गेला असेल? पाच मिनिटं, दहा मिनिटं. ध्यानाची घंटा मीच वाजवली, सगळे उठले, आणि ते उठले नाहीत.

वेल्डर अनवाणी रस्त्यापर्यंत धावला आणि रिक्षा घेऊन आला. आम्ही तात्यांना दोघांच्या मांडीवर आडवं घेतलं. तो त्यांचे गाल थोपटत ओरडत होता, "तात्या! ओ तात्या!" आणि मी मैत्रीसुत्त म्हणत होतो, कारण मला दुसरं काही येतच नव्हतं. सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं?"

"साडेअकराला."

"आणि त्यानंतर काहीच नाही? का?"

वेल्डरनं माझ्याकडे बघितलं. मी चीवराचं टोक बोटाला गुंडाळत उभा राहिलो.

त्यांनी शिरेतून साखर दिली, जे करायचं ते सगळं केलं. तात्या जागे झाले नाहीत. दोन दिवस आक्का पलंगाशेजारी स्टुलावर बसून होत्या आणि मी व्हरांड्यात भिंतीला टेकून. त्या पाण्याला जाता-येता माझ्या समोरून जायच्या. एकदाही बोलल्या नाहीत. एकदाही नजर फिरवली नाही. बघायच्या आणि जायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या गेले. गोदेला त्या दिवशी पाणी चढलं होतं, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं होतं, अमरधाम स्मशानाकडचा रस्ता चिखलानं बरबटला होता. स्वतःच शिवलेल्या चीवरातच त्यांना नेलं.

दुसऱ्या दिवशी भन्ते परतले. मी त्यांच्या पायांशी बसून सगळं सांगितलं. चहा, गूळ, फाटक, "आता ते तुमचे तात्या नाहीत". काहीही वगळलं नाही. ते उठून औषधांच्या फळीशी गेले. तिथं वर्षावासाच्या सुरुवातीला उपासिकांनी दान दिलेल्या बरण्या होत्या. त्यांनी एकेक खाली ठेवली.

"तूप, लोणी, तेल, मध, गूळ. ही पाच आजाऱ्याची औषधं. पहाटे द्या, संध्याकाळी द्या, शील मोडत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. हे मी तुला शिकवलं नाही."

"तुम्ही म्हणाला होतात, लोकांकडे बघ."

"ते पुरेसं नव्हतं," भन्ते म्हणाले. "तुला नियम दिला आणि त्यातलं दार दाखवलं नाही. तुझी चूक तुझी आहे, ती मी घेणार नाही. पण ही माझी आहे."

मला वाटलं होतं ते मला हाकलतील. हाकललं असतं तर मी सुटलो असतो. त्यांनी मला वर्षावास पुरा करायला लावला. रोज सकाळी मला तात्यांच्या रिकाम्या आसनाशेजारी बसायचं होतं.

दुःख आहे, हे पहिलं आर्यसत्य मी शेकडो वेळा म्हटलं असेल. भादव्यात ते मला पहिल्यांदा समजलं, आणि समजलं ते असं की ते म्हणताना आवाजच फुटेना. एक आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला असताना इतर ध्यानात गुंग होते, तेव्हा बुद्धानं स्वतः पाणी आणून त्याला धुतलं, ही गोष्ट भन्ते त्या दिवसांत आम्हाला सांगायचे. ते माझ्याकडे बघून सांगत नसत. तरी मी उठून बाहेर जायचो आणि नळाखाली डोकं धरायचो. नव्या लोकांना आज मी अनित्य शिकवतो तेव्हा हेही सांगतो, की शेजाऱ्याचं दुखणं बघून त्याला अनित्य म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. स्वतःच्या दुखण्याला म्हणा हवं तर. शेजाऱ्याला पाणी द्या, रिक्षा आणा.

मग आश्विनी पौर्णिमा आली. त्या दिवशी पवारणा असते. तीन महिने एका छपराखाली राहिलेले भिक्खू एकेक करून उकिडवे बसतात, हात जोडतात आणि संघाला विनवतात: माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, शंका आली असेल, तर करुणेनं सांगा. आमच्या छोट्या विहारात भन्ते श्रामणेरांनाही हे करायला लावत. वस्तीतले लोक मागे बसून बघायचे. उपासिकांच्या रांगेत आक्का बसल्या होत्या. तात्या गेल्यापासून पहिल्यांदाच आल्या होत्या.

माझी पाळी आली. मी म्हटलं: पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल.

वेल्डर जमिनीकडे बघत होता. भन्ते डोळे मिटून होते. बाहेर सायकलची घंटी वाजली ती आत वाजल्यासारखी वाटली. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं.

"मी बोलले तर चालंल का?" मागून आवाज आला.

रीतीनं पाहिलं तर चालत नाही. भन्त्यांनी डोळे उघडले. "चाललं पाहिजे," ते म्हणाले.

आक्का उठून उभ्या राहिल्या. "यानं मला फाटकातून माघारी लावलं. हे मी पाहिलंय, ऐकीव नाय." त्यांनी पदर खोचला. "आन् मी माघारी गेले. चाळीस वर्षं त्या माणसाचं एक ऐकलं नाय मी, आन् त्या दिवशी ह्या पोराचं ऐकलं. भिंत ती केवढी, हाक मारली असती तर पोचली असती. नाय मारली. माझाबी दोष धरा."

मी जागच्या जागी वाकलो. "आक्का, माफी मागतो."

"ती तुझी तू माग. मला माफ करता येत नाय, मला जमतच नाय ते." आवाज चढला नव्हता. "चीवर कधी उतरवतोस?"

"उद्या."

"मग उद्या सांजच्याला घरी ये. सात वाजता."

पुढं आक्का असेपर्यंत, म्हणजे बरीच वर्षं, सातपूरला नोकरी लागल्यावरही, मी आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी पंचवटीत जेवलो. तिथं भांडणंही झाली, सणही झाले. पण या दिवसांत मला आठवते ती पहिली संध्याकाळ. जाऊ की नको करत मी रामकुंडापाशी तासभर रेंगाळलो होतो. वाटत होतं, शेजारपाजार जमवला असेल, चारचौघांत विचारतील. काय विचारतील ते विचारू देत, पण उत्तर काय देऊ?

खोलीत त्या एकट्याच होत्या. मशीनवर चादर टाकलेली. जमिनीवर दोन ताटं वाढलेली: बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, कांदा. मी दारातच उभा.

"बस."

मी बसलो. तीन महिने मी दुपारनंतर काही खाल्लं नव्हतं. घड्याळात सात वाजले होते. भाकरीचा वास आला आणि मी ताट थोडं मागं सरकवलं.

"दया आली म्हणून बोलावलं नाय तुला," आक्का समोर बसत म्हणाल्या. "एकटीला सांजचं जेवण जात नाय माझ्या घशाखाली. दोन महिन्यांवर झालं, चूल पेटवती आन् इझवती. जेव."

मी भाकरी मोडली. भाजीत बुडवली. घास तोंडात घातला आणि तो तिथंच राहिला. चावून चावून त्याचा लगदा झाला, तरी गळा त्याला आत घेईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी मान खाली घातली. आक्कांनी माझ्या हनुवटीला दोन बोटं लावून तोंड वर केलं आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या, सिव्हिलच्या व्हरांड्यात बघायच्या तशाच.

"गिळ," त्या म्हणाल्या.

मी गिळला. घास खाली उतरेपर्यंत त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या. उतरला तशी त्यांनी नजर काढली, स्वतःचं ताट पुढं ओढलं आणि भाकरीला हात घातला.